दुसऱ्याच आजाराचं औषध आणि वर-खाली होणारी साखर: अनुभव, माहिती हवी आहे

सायली_क

आईला बऱ्याच वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे. गोळ्यांवर साखर आटोक्यात असते आणि ती स्वतः फार काटेकोर आहे. गुडघा खूपच धरला म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी सांध्यात इंजेक्शन दिलं. दुखणं थांबलं, पण दुसऱ्या दिवशी जेवणानंतरची साखर तीनशेच्या घरात! गोळी चुकलेली नाही, खाण्यात बदल नाही. घरातल्या सगळ्यांनी तिलाच धारेवर धरलं, की गुपचूप काहीतरी गोड खाल्लं असणार. तिला ते फार लागलं. मी इंजेक्शनचा कागद काढून बघितला, तर ते ट्रायमसिनोलोन निघालं, म्हणजे स्टिरॉइड.

दुसऱ्या आजारांसाठी घेतलेल्या आणखी कोणत्या औषधांनी साखर चढते किंवा उतरते? किती दिवस? अशा वेळी तुम्ही काय करता? "डॉक्टरांना विचारा" हे मान्यच आहे. पण नेमकं काय विचारायचं हेच आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून हा धागा.

वाटसरू

सगळ्यात आधी घरातल्या मंडळींनी आईंची माफी मागावी. बाकी चर्चा नंतर.

अनघा७

वाटसरू +१. साखर वाढली की पहिला संशय नेहमी माणसाच्या जिभेवर. औषधांच्या डब्याकडे कुणी बघतच नाही.

मेघमल्हार

मी फिजिशियन आहे. इथे लिहितो ती सर्वसाधारण माहिती, कुणाच्याही प्रकृतीला बघून दिलेला सल्ला नव्हे.

सायली, सांध्यातलं स्टिरॉइड तिथेच राहत नाही, काही भाग रक्तात उतरतो. मधुमेह असेल तर त्याने साखर सहसा दोन ते पाच दिवस वर राहते, क्वचित आठवडाभर, आणि मग आपोआप खाली येते. तोवर साखर जास्त वेळा तपासायची, पाणी भरपूर प्यायचं आणि आकडे मधुमेहाच्या डॉक्टरांना कळवायचे. आकडा सतत तीनशेच्या वर, फार तहान, वारंवार लघवी, उलट्या किंवा गुंगी असेल तर वाट न बघता दाखवायचं.

स्टिरॉइड दोन बाजूंनी काम करतं. लिव्हरला जास्त साखर तयार करायला लावतं आणि स्नायूंवरचा इन्सुलिनचा प्रभाव कमी करतं. म्हणून खाणं तेच असूनही आकडा चढतो.

स्टिरॉइडच्या पोटात घ्यायच्या गोळ्यांबद्दल एक गोष्ट मी प्रत्येक रुग्णाला सांगतो. प्रेडनिसोलोन सकाळी घेतलं की साखर दुपारनंतर चढते, संध्याकाळी सगळ्यात जास्त असते आणि रात्रीतून उतरते. सकाळी उपाशीपोटी तपासलं तर आकडा जवळजवळ नेहमीसारखा दिसतो. फक्त उपाशीपोटीची साखर बघणारे म्हणतात, "मला स्टिरॉइडने काही झालं नाही," आणि संध्याकाळी अडीचशे-तीनशे असते ते कुणाला कळतच नाही. गोळी सकाळची असेल तर दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळेला तपासा. डेक्सामिथासोनचा परिणाम जास्त काळ टिकतो, त्यात उपाशीपोटीचीही चढते.

आणि कृपा करून साखर वाढली म्हणून स्टिरॉइड मनाने बंद करू नका. काही आठवडे घेतलेलं स्टिरॉइड एकदम थांबवलं तर शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीरातच बनणारं स्टिरॉइड, लगेच सुरू होत नाही. रक्तदाब कोसळू शकतो. जिवावर बेतू शकतं.

किशोर_द

मेघमल्हार यांनी चढण सांगितली, मी उतरण सांगतो.

वडिलांना कोविडमध्ये डेक्सामिथासोन दिलं होतं. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीचे निष्कर्ष आले, तेव्हापासून ऑक्सिजन लागणाऱ्यांना रोज ६ मिलीग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस, असं सगळीकडे सुरू झालं होतं. त्या औषधाने माणसं वाचली, माझे वडीलही वाचले, त्याबद्दल तक्रार नाही. साखर चारशेपार गेली म्हणून इन्सुलिन सुरू केलं, तेही बरोबरच. पण घरी सोडताना स्टिरॉइड संपलेलं आणि कागदावर इन्सुलिनचा डोस तोच! मध्यरात्री ते घामाघूम, बोलणं असंबद्ध. मीटरवर आकडा ४६.

स्टिरॉइड कमी होत जातं तसं इन्सुलिनही कमी करावं लागतं, हे घरी सोडतानाच्या कागदावर ठळक लिहिलेलं असायला हवं. हा विषय निघाला की मला अजूनही राग येतो. सुरू करताना दहा जणं येऊन सांगतात, थांबवताना कुणी सांगत नाही.

मेघमल्हार

किशोर, तुमचा राग रास्त आहे. स्टिरॉइडचा डोस उतरवताना येणारी लो शुगर ही टाळता येण्यासारखी गोष्ट आहे. कुणाच्या घरी असं चालू असेल तर स्टिरॉइडच्या प्रत्येक पायरीला "आता इन्सुलिन किंवा गोळी किती?" हे विचाराच.

निशिगंध

त्वचेवर लावायच्या स्टिरॉइड मलमाचं काय? आणि दम्याच्या पंपाचं? माझी बहीण पंप घ्यायला घाबरते, साखर वाढेल म्हणून.

मेघमल्हार

नेहमीच्या डोसमध्ये पंपातून रक्तात फार थोडं स्टिरॉइड जातं, साखरेवर फरक सहसा नगण्य. खूप मोठ्या डोसमध्ये थोडा दिसू शकतो. मलमाचंही तेच. अंगाच्या मोठ्या भागावर, तीव्र मलम, दीर्घकाळ असेल तरच विचार करायचा. बहिणीला सांगा, पंप टाळून दमा उसळला तर स्टिरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागतील आणि त्या साखर खरोखरच वाढवतील. पंप घेतल्यावर चूळ मात्र भरायची, तोंडात बुरशी होऊ नये म्हणून.

अ‍ॅटॅकच्या वेळी नेब्युलायझरमधून जास्त डोसने साल्ब्युटामॉल (श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध) दिलं तर तेही साखर तात्पुरती चढवतं.

भास्करकाका

आता माझं ऐका. मला रक्तदाबासाठी क्लोरथॅलिडोन आणि कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन आहे. दोन्हींनी साखर वाढते असं वाचलं. म्हणजे एका आजाराची गोळी खायची, तिने दुसरा वाढवायचा, मग त्याची गोळी वाढवायची. स्टॅटिन बंद करावी असं माझं ठाम मत होत चाललं आहे. इथे कुणी बंद करून पाहिली आहे का?

रानवारा

काका, अगदी मनातलं बोललात. मी तर म्हणतो रसायनं जितकी कमी तितकं बरं. मधुमेहासाठी वनौषधींच्या गोळ्या मिळतात, त्यांचे दुष्परिणाम नाहीत.

फार्मसीवाली

रानवारा, यावर सविस्तर लिहिते, पण आधी काकांना उत्तर मिळू दे. काका, गोळी बंद करू नका, एवढं आत्ताच सांगते.

मेघमल्हार

भास्करकाका, तुम्ही वाचलेलं खोटं नाही, पण ते किती प्रमाणात खरं आहे ते बघा.

२०१० मध्ये स्टॅटिनच्या अनेक चाचण्या एकत्र करून हिशेब मांडला गेला. २५५ जणांनी चार वर्षं स्टॅटिन घेतलं तर त्यांच्यात मधुमेहाचा एक जास्तीचा रुग्ण आढळतो, असं त्यातून निघालं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रक संस्थेने, २०१२ मध्ये माहितीपत्रकात साखरवाढीचा उल्लेख घालायला लावला. ज्यांची साखर आधीच काठावर असते, त्यांच्यात हे जास्त दिसतं. ज्यांना मधुमेह आहेच, त्यांचा एचबीए१सी (गेल्या साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) साधारणपणे अगदी थोडा सरकतो, दशांश चिन्हाच्या पुढे. तेवढा फरक उपचारात सांभाळून घेता येतो. हार्ट अ‍ॅटॅक तसा सांभाळून घेता येत नाही. मधुमेहात हृदयविकाराचा धोका मुळातच जास्त, म्हणून ही गोळी दिलेली असते.

क्लोरथॅलिडोनचं कारण वेगळं. ही गोळी लघवीवाटे पोटॅशियम घालवते, आणि पोटॅशियम कमी झालं की स्वादुपिंडातून इन्सुलिन नीट सुटत नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, रक्तदाबाच्या औषधांची तुलना करणाऱ्या ऑलहॅट चाचणीत, सुरुवातीला मधुमेह नसलेल्यांपैकी चार वर्षांनी क्लोरथॅलिडोन गटात ११.६ टक्के लोकांची साखर मधुमेहाच्या पातळीला गेली होती, अ‍ॅम्लोडिपिन गटात ९.८ आणि लिसिनोप्रिल गटात ८.१ टक्के. तरीही हार्ट अ‍ॅटॅक आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं प्रमाण क्लोरथॅलिडोनवर जास्त निघालं नाही. डोस कमी ठेवायचा आणि पोटॅशियम तपासत राहायचं. तुमचं पोटॅशियम शेवटचं कधी तपासलं होतं?

भास्करकाका

पोटॅशियम कधी तपासल्याचं आठवत नाही. ते करून घेतो. स्टॅटिनबद्दल तुमचा हिशेब समजला, गोळी चालू ठेवतो. पण माझा एक मुद्दा कायम आहे. या गोळीने साखर थोडी वाढू शकते, हे लिहून देतानाच सांगावं. लपवल्यासारखं वाटलं की माणूस गोळी सोडून देतो. सांगितलं तर निदान लक्ष ठेवतो.

सायली_क

काका, तुमच्या या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. आईच्या बाबतीत नेमकं हेच झालं.

फार्मसीवाली

आता रानवारा यांच्यासाठी. मी औषधनिर्माणशास्त्र शिकलेली आहे, काउंटरवर बरीच वर्षं उभी राहते आहे. वनस्पतीत औषधी गुण असतात, म्हणूनच त्यांचे परिणामही असतात. मेटफॉर्मिनचा उगमसुद्धा गॅलेगा या वनस्पतीतल्या द्रव्याच्या अभ्यासातूनच आहे. साखर उतरवणारी वनस्पती ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन यांच्या जोडीला घेतली तर साखर गरजेपेक्षा जास्त उतरू शकते. रुग्ण डॉक्टरांना ती सांगत नाहीत, कारण ते तिला औषध मानत नाहीत.

दुसरी भीती भेसळीची. २००८ मध्ये सिंगापूरमध्ये मधुमेह नसलेली माणसं अचानक अत्यंत कमी साखरेने रुग्णालयात येऊ लागली. शोध घेतल्यावर कळलं, लैंगिक ताकदीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या बेकायदा गोळ्यांमध्ये ग्लिबेनक्लामाइड हे मधुमेहाचंच औषध मिसळलेलं होतं. काही जण त्यात दगावले. सांधेदुखीच्या "नैसर्गिक" पुड्यांमध्ये स्टिरॉइड सापडल्याचेही प्रकार झाले आहेत. पुडीने दुखणं एका दिवसात गायब झालं आणि साखर मात्र भडकली, तर हा संशय नक्की घ्या.

रानवारा

बिननावाच्या पुड्यांचं मी समर्थन करत नाही. नीट परवानगी असलेलं औषध जाणत्या वैद्यांकडून घेणं वेगळं.

फार्मसीवाली

मान्य. वैद्यांना इंग्रजी गोळ्यांची आणि डॉक्टरांना काढ्यांची यादी द्या, एवढंच माझं मागणं.

मुक्ता_माऊ

खोकल्याच्या औषधाबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? आमच्याकडे सगळ्यात मोठा वाद त्यावरूनच होतो. बाबा "शुगर फ्री" लिहिलेलं नसेल तर बाटलीला हात लावत नाहीत.

फार्मसीवाली

अगदी घट्ट, गोड सिरपच्याही ५ मिलिलीटरमध्ये साखर साधारण ४ ग्रॅमच्या वर जात नाही. दिवसातून तीनदा म्हणजे बारा ग्रॅम. टाइप २ असलेल्या मोठ्या माणसाला तेवढ्याने मोठा फरक पडत नाही. शुगर फ्री मिळत असेल तर तेच घ्या, पण ते नाही म्हणून खोकत बसू नका. ताप आणि संसर्ग स्वतःच साखर वाढवतात, त्याचा दोष बिचाऱ्या सिरपवर जातो. सिरपमध्ये नाक मोकळं करणारं फेनिलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन आहे का, ते बघणं जास्त महत्त्वाचं. ती अ‍ॅड्रिनलिनच्या जातीची औषधं. साखर थोडी चढवतात आणि रक्तदाबही.

टाइप१_आई

थोडी असहमत. माझी मुलगी लहान आहे, वजन कमी, टाइप १. चार ग्रॅम साखर तिच्या सेन्सरवर (अंगावर लावलेलं, सतत साखर मोजणारं यंत्र) स्पष्ट दिसते. मोठ्यांचा नियम लहान मुलांना जसाच्या तसा लावू नये. आम्ही बालरोगतज्ज्ञांकडून शक्य तिथे सिरपऐवजी गोळी लिहून घेतो, किंवा ती साखर हिशेबात धरतो.

फार्मसीवाली

बरोबर. लहान मुलांसाठी तुमचंच ऐकावं.

अनघा७

माझा अनुभव उलट्या बाजूचा, साखर उतरण्याचा. यजमानांना मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड आणि हृदयासाठी मेटोप्रोलोल आहे. पूर्वी साखर उतरली की त्यांना धडधडायचं, हात थरथरायचे, लगेच कळायचं. मेटोप्रोलोल सुरू झाल्यापासून यातलं काहीच होत नाही. एकदा नुसते चिडचिड करत होते आणि कपाळावर दरदरून घाम. मी मीटर लावला तर ५८. त्यांना स्वतःला काही जाणवतच नव्हतं.

मेघमल्हार

अनघाताई, अगदी नेमकं टिपलंत. मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल, प्रोप्रानोलोल ही बीटा ब्लॉकर औषधं. साखर उतरली की शरीर अ‍ॅड्रिनलिन सोडतं आणि त्याने धडधड, थरथर होते. हीच घंटा ही औषधं दाबून टाकतात. घाम मात्र दाबला जात नाही, कारण घामाच्या ग्रंथींकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा मार्ग वेगळा आहे. म्हणून बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांनी विनाकारण सुटलेला घाम हीच खूण समजायची आणि लगेच मीटर लावायचा. ७० च्या खाली म्हणजे लो, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर.

हृदयासाठी या गोळ्यांचा फायदा मोठा असतो, त्यामुळे खूण बदलली आहे एवढं घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. या गोळ्याही एकदम बंद करायच्या नसतात.

किशोर_द

लो झाल्यावर काय द्यायचं यातही औषधाचा संबंध आहे, आणि तो फार कमी लोकांना ठाऊक असतो. ज्यांना व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे, त्यांना लो झाल्यावर घरातली नेहमीची साखर लवकर उपयोगी पडत नाही! ही औषधं आतड्यात साखरेचं विघटन मंदावतात. त्यांना थेट ग्लुकोजच द्यावं लागतं. ग्लुकोज १५ ग्रॅम, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. वडिलांच्या त्या रात्रीनंतर आमच्या घरात ग्लुकोज पावडरचा डबा प्रत्येक खोलीत असतो. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ रुग्णालय.

वाटसरू

हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे व्होग्लिबोज आहे. आजच ग्लुकोज आणून ठेवतो. किशोर, मनापासून आभार.

फार्मसीवाली

लो शुगरचा विषय निघालाच आहे तर अँटिबायोटिक्स. मला सगळ्यात जास्त काळजी यांचीच वाटते, कारण आठवड्याभराचा कोर्स म्हणून कुणी मनावर घेत नाही.

लिव्होफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन या गटाने साखर दोन्ही दिशांना जाऊ शकते. स्वादुपिंडातल्या ज्या पोटॅशियम वाहिन्या बंद करून ग्लिमेपिराइड इन्सुलिन सोडायला लावतं, त्याच वाहिन्यांवर हा गट थोडाफार परिणाम करतो. यातलंच गॅटिफ्लॉक्सासिन. २००६ मध्ये कॅनडातल्या वृद्धांवरच्या अभ्यासात त्याने साखर धोकादायकरीत्या उतरण्याचं आणि चढण्याचंही प्रमाण खूप जास्त दिसलं. त्याच वर्षी मूळ कंपनीने ते अमेरिकेच्या बाजारातून काढलं आणि २०११ मध्ये भारतात पोटात घ्यायच्या रूपावर बंदी आली. डोळ्यांचे थेंब अजून मिळतात, त्यांची भीती नको. उरलेल्या गटाबद्दल एफडीएने जुलै २०१८ मध्ये इशारा आणखी कडक केला. त्यात साखर उतरून बेशुद्ध होण्याचा उल्लेख आहे, विशेषतः वयस्कर आणि मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांसाठी.

याशिवाय काही औषधं स्वतः काही करत नाहीत, पण ग्लिमेपिराइड, ग्लिपिझाइड यांचा जोर वाढवतात. बुरशीसाठीचं फ्लुकोनाझोल लिव्हरमधलं एक विकर (एन्झाइम) अडवतं, त्यामुळे ग्लिमेपिराइड शरीराबाहेर लवकर जात नाही. क्लॅरिथ्रोमायसिन आणि को-ट्रायमॉक्साझोल यांच्या जोडीनेही साखर उतरल्याच्या नोंदी आहेत. किडनी कमजोर असेल तर धोका आणखी. गंमत म्हणजे नखाच्या बुरशीची किरकोळ वाटणारी गोळी त्वचेच्या डॉक्टरांनी लिहिलेली असते आणि मधुमेहाची यादी त्यांच्यापर्यंत पोचलेलीच नसते.

निशिगंध

म्हणजे मधुमेह असलेल्यांनी अँटिबायोटिक घ्यायचंच नाही का?

फार्मसीवाली

घ्यायचं, नक्की घ्यायचं. संसर्ग अंगावर काढला तर साखर त्यानेच चढते. फक्त कोर्स चालू असेपर्यंत मीटर जवळ ठेवायचा आणि भूक नसेल, खाणं कमी झालं असेल तर ग्लिमेपिराइडच्या डोसबद्दल विचारायचं. निव्वळ मेटफॉर्मिनवर असलेल्यांना लो होण्याची भीती बरीच कमी.

मेघमल्हार

यात भर. हिवतापात दिलं जाणारं क्विनाइन इन्सुलिन सोडायला लावतं, त्याने साखर बरीच उतरू शकते, गरोदरपणात विशेष. संधिवाताचं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन साखर हळूहळू कमी करतं, भारतात तर ते टाइप २ मधुमेहासाठी जोडीचं औषध म्हणूनही मंजूर आहे. दुखण्यासाठीच्या ट्रॅमाडॉलनेही काही जणांत साखर उतरते. अ‍ॅस्पिरिनचं भय बाळगू नका, ७५ मिलीग्रॅमने साखरेला काही होत नाही.

आणि आजारपणातला एक नियम. उलट्या-जुलाब होत असतील, पाणी पोटात ठरत नसेल तर डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या आणि मेटफॉर्मिन तात्पुरत्या थांबवाव्या लागतात, त्यासाठी फोन करून विचारा. ग्लिफ्लोझिन गटात साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी द्रव्यं) साठून आम्लता होऊ शकते, आकडा बघून गाफील राहू नका. टाइप १ मध्ये मात्र उपाशी असलात तरी बेसल, म्हणजे दिवसभर मंद काम करणारं, इन्सुलिन कधीही बंद करायचं नाही.

आरसा

नाव न सांगता लिहिते आहे. मानसिक आजारासाठी मला ओलान्झापिन आहे. त्याने मी उभी राहिले, कामावर परत गेले. पण वजन वाढलं आणि नंतर मधुमेहाचं निदान झालं. नातेवाईक सांगतात, "ती गोळी सोड, सगळं ठीक होईल." खूप एकटं वाटतं अशा वेळी. कुणी या वाटेने गेलं आहे का?

अनघा७

आरसा, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. गोळी सोडा म्हणणाऱ्यांना तुमचे आधीचे दिवस माहीत नसतात.

मेघमल्हार

आरसा, गोळी मनाने सोडू नका. मूळ आजार उलटणं साखरेइतकंच, कधी त्याहून जास्त घातक असतं. ओलान्झापिन आणि क्लोझापिन यांनी वजन व साखर वाढते हे सर्वमान्य आहे. एफडीएने २००३ मध्ये या संपूर्ण गटाच्या माहितीपत्रकात तसा इशारा घालायला लावला. पण सगळी औषधं सारखी नाहीत. अ‍ॅरिपिप्राझोलमध्ये ही वाढ बरीच कमी असते. बदल शक्य आहे का, हे तुमचे मनोविकारतज्ज्ञ ठरवतील आणि तो सावकाश, देखरेखीखाली करतील. शक्य नसेल तर आहे त्या औषधावर राहून मेटफॉर्मिनसारखी जोड देता येते. तुमच्या दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलावं असा आग्रह धरा, तो तुमचा हक्क आहे.

आरसा

आभार. अ‍ॅरिपिप्राझोलचं नाव लिहून घेतलं आहे. पुढच्या भेटीत विचारते.

टाइप१_आई

औषधाने साखर बदलते, तसं औषधाने यंत्रही फसतं. काही सेन्सरांच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं आहे की रोज ५०० मिलीग्रॅमपेक्षा जास्त क जीवनसत्त्व घेतलं तर आकडा खोटाच जास्त दिसू शकतो. जुन्या काही सेन्सरांना पॅरासिटॅमॉलही फसवायचं, रक्ताच्या काही आजारांवरचं हायड्रॉक्सियुरिया अजूनही फसवतं. खोटा जास्त आकडा फार वाईट, कारण त्यावर इन्सुलिन घेतलं जातं आणि खरी साखर आधीच कमी असते. लक्षणं आणि आकडा जुळत नसेल तर बोटाला टोचून खात्री करायचीच.

भास्करकाका

मग एचबीए१सी तरी खरा असतो ना?

मेघमल्हार

बहुतेकदा, पण तोही लाल पेशींवर अवलंबून. कुष्ठरोगावरचं डॅप्सोन लाल पेशींचं आयुष्य घटवतं, त्यामुळे एचबीए१सी खोटाच कमी येतो. किडनीच्या रुग्णांना मिळणाऱ्या, लाल पेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शननेही तसंच. लोह कमी असेल तर उलट, खोटाच जास्त. मीटरचे आकडे आणि एचबीए१सी यांचं जमत नसेल तर औषधांची आणि हिमोग्लोबिनची चौकशी करावी.

सायली_क

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. आईची साखर उतरायला लागली आहे, जेवणानंतरची आता दोनशेच्या आत. तिच्या डॉक्टरांना आकडे कळवले, गोळी न वाढवता थांबा म्हणाले. पुढच्या वेळी गुडघ्याचं इंजेक्शन घ्यायचं ठरलं तर आधीच विचारणार आहे: यात स्टिरॉइड आहे का, साखर कुठल्या दिशेला जाईल, किती दिवस, कोणत्या वेळी तपासायची आणि कोणत्या आकड्याला फोन करायचा. भास्करकाकांचं वाक्य मी घरात वाचून दाखवलं, आणि वाटसरू, आईची माफी मागून झाली आहे.

वाटसरू

वा! आता मनाला बरं वाटलं.

निळाई

उशिरा वाचला धागा. माझ्या मामांचं पोटातून डायलिसिस सुरू होणार आहे. त्यातल्या द्रावणानेही साखर वाढते असं ऐकलं. टाइप१_आई यांनी मीटर फसण्याबद्दल लिहिलंय, ते इथेही लागू आहे का?

मेघमल्हार

निळाई, दोन्ही गोष्टी लागू आहेत, आणि विचारलंत हे बरं झालं. नेहमीच्या द्रावणात ग्लुकोजच असतं, त्यातलं काही रक्तात शोषलं जातं आणि साखर वाढते. आयकोडेक्स्ट्रिन नावाचं दुसरं द्रावण आहे, त्याने साखर तशी वाढत नाही, पण त्याचे तुकडे होऊन रक्तात माल्टोज येतं. साखर तपासायच्या मीटरच्या जीडीएच-पीक्यूक्यू प्रकारच्या पट्ट्या त्या माल्टोजलाच ग्लुकोज समजतात आणि आकडा खूप जास्त दाखवतात. त्यावर इन्सुलिन देऊन मृत्यूही झाले आहेत, एफडीएने २००९ मध्ये त्याबद्दल इशारा काढला होता. मामांना आयकोडेक्स्ट्रिन देणार असतील तर सुरू करण्याआधी मीटर आणि पट्ट्यांचा डबा डायलिसिसच्या टीमला नेऊन दाखवा, आणि मीटर चालणारा आहे असं त्यांच्याकडून लिहून घ्या. मामा कधी दुसऱ्या रुग्णालयात दाखल झाले तर तिथल्या नर्सनाही हे सांगावं लागेल, तिथला मीटर वेगळा असू शकतो.

निळाई

उद्याच डबा घेऊन जाते.